विषय : कंडक्टर नामक कुत्र्याबाबत

१९ डिसेंबर २०२५, शुक्रवार. संध्या. ७.१०

आज मला कुत्रं चावलं. उजवी पोटरी. दात चार, पैकी दोन खोल. कुत्रा शेजारच्या बसलिंगप्पांचा. नाव कंडक्टर. बसलिंगप्पा एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर हा पाळला. स्कूटरवर त्यांच्या मागे ऐटीत बसतो म्हणून हे नाव. वय बारा, एका डोळ्यात मोतीबिंदू.

आज वेळ अमावस्येचा सण, शेतात जेवायचा, म्हणून बसलिंगप्पांनी आम्हा दोघांना मंद्रूपला, त्यांच्या भावाच्या शेतावर नेलं होतं. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. पोटभर जेवलो. परत आल्यावर त्यांच्याच अंगणात हा प्रकार. कोणतीही चिथावणी नसताना चावला. हे वाक्य अधोरेखित केलं आहे.

मालतीने मला मोरीत बसवून पंधरा मिनिटं साबणाने जखम धुतली. आधी फोटो काढ, हा पुरावा आहे, असं मी सांगत होतो. बायकोला पुरावा कळत नाही. सगळा वाहून गेला.

सरकारी दवाखान्यात बसलिंगप्पांनीच स्कूटरवरून नेलं. केसपेपरच्या रांगेतही तेच उभे राहिले. जखमेत इंजेक्शन, दंडात इंजेक्शन. पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा म्हणाले. फिर्यादीने आरोपीच्या वाहनातून प्रवास केला तर केस कमकुवत होते का, ते बघावं लागेल.

जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात चौतीस वर्षं काढली आहेत. लोक कुत्रं चावल्यावर गप्प बसतात. मी बसणार नाही. तीन महिन्यांत निकाल.

२० डिसेंबर

निरीक्षण रजिस्टर सुरू केलं. भिंतीलगत खुर्ची टाकून बसलो.
९.०० पाणी प्यायला. ९.२० झोपला. १०.०५ मला पाहून शेपूट हलवली (हेतू अस्पष्ट). लाळ नेहमीइतकी.
बसलिंगप्पांच्या बायकोने, सिद्धम्मांनी, भिंतीवरून चहा दिला. तटस्थ राहून प्यायलो. आलं चांगलं होतं.

२२ डिसेंबर

दुसरा डोस. बसलिंगप्पा नऊच्या ठोक्याला दारात. प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडी इतकी हळू की मागचे हॉर्न मारत होते. लई दुखतंय का, असं चारदा विचारलं. उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर तो जबाब ठरला असता.

२३ डिसेंबर

उदयसिंह वकिलांकडे गेलो. पोरगा हुशार आहे. याच्या वडिलांना मी शेकडो नकला काढून दिल्या. कलम २८९ लावू म्हणालो. तो म्हणाला, काका, आयपीसीच गेलं. आता न्याय संहिता, कलम २९१. मला माहीत होतं. त्याची परीक्षा घेत होतो.

मग त्याने विचारलं, तुमच्या हातात काय होतं? उंडा. कुत्र्याला देत होता? देणारच होतो, आधी शेकहँड कर म्हटलं होतं. त्याने पेनचं टोपण लावलं. काका, अहो ते तुम्हाला दवाखान्यात नेतात, अजून काय पाहिजे, म्हणाला.

आजकालच्या वकिलांत दम नाही. नोटीस स्वतःच काढणार. उंड्याचा मुद्दा नोटिशीत घेण्याचं कारण दिसत नाही.

२५ डिसेंबर

लंगडणं चालू ठेवलं आहे. मालती म्हणाली, काल डाव्या पायाने लंगडत होता, आज उजव्या. दुर्लक्ष केलं.

२६ डिसेंबर

तिसरा डोस. येताना बसलिंगप्पा आपणहून म्हणाले, तोबी म्हातारा झालाय, त्याला नीट दिसत न्हाय, राग धरू नका. ‘दिसत न्हाय’ ही लेखी नसली तरी कबुलीच. घरी येताच टिपून ठेवली. जखम कोरडी पडत चालली आहे. केसच्या दृष्टीने घाई होतेय.

२७ डिसेंबर

नोटीस तयार. अडीच पानं. पहिल्याच ओळीत ‘कोणतीही चिथावणी नसताना’. अक्षर अजून मोत्यासारखं आहे माझं. मागण्या दोन. एक, लेखी माफी. दोन, ‘सदर श्वानाचा पंधरा दिवसांत कायमचा बंदोबस्त करावा.’ रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायला गेलो तर खिडकीवरची मुलगी म्हणाली, ते बंद झालं, स्पीड पोस्ट करा. सगळंच बदलत चाललंय. पाठवली.

३० डिसेंबर

पोस्टमन आधी आमच्याच दारात आला. शेजारचंच आहे, तुम्हीच देता का म्हणाला. त्याला नियम समजावून सांगितला.

त्यामुळे मालतीला कळलं. भिंतीवरून दोन शब्द बोलला असता तर जीभ झिजली असती का, म्हणाली. कायदा जिभेने चालत नाही.

सिद्धम्मांचा चहा आला नाही. गॅस संपला असेल.

१ जानेवारी २०२६

कंडक्टर अंगणात नाही. दहा दिवस कालपरवाच संपले, पण सवयीने खुर्ची टाकून बसलो होतो. रजिस्टरमध्ये लिहायला काही नाही. बसलिंगप्पा एकटेच स्कूटरवरून गेले. माझ्याकडे बघून नेहमीसारखे हसले. मी पेपरात डोकं घातलं. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हतो.

५ जानेवारी

मालतीने बातमी आणली. बसलिंगप्पांनी कुत्रा मंद्रूपला शेतावर नेऊन बांधला. नोटिशीत ‘कायमचा बंदोबस्त’ लिहिलं होतं म्हणून.

आता या माणसाला काय म्हणावं. ते वाक्य प्रत्येक नोटिशीत असतं. मी स्वतः हजारदा उतरवलंय. नाल्याचा, बांधाचा, भाडेकरूचा, सगळ्यांचा कायमचा बंदोबस्त. कुणी करतं का? लोक उत्तर देतात, तारीख घेतात, दहा वर्षं जातात.

ठरवलं आहे : माफीपत्र आलं की मीच सांगणार, आणा बुवा तुमचा कुत्रा परत. पण आधी माफीपत्र. क्रम पाळायला हवा.

७ जानेवारी

मालती म्हणाली, कंडक्टर तिकडे काही खात नाही म्हणे. आजच जाऊन सांगा, घेऊन या म्हणावं. मी म्हटलं, पंधरा दिवसांची मुदत चौदा तारखेला संपते, तोवर थांबणं योग्य. भूक लागली की खाईल.

१० जानेवारी

खरं तर उंडा फार उंच धरला नव्हता. कमरेइतका. छातीइतका म्हणू. त्याने शेकहँड केला होता. तीनदा केला. तिसऱ्यांदाही मी दिला नाही, कारण मजा वाटत होती. मग मी परत फिरलो तेव्हा पोटरी.

हे रजिस्टरला नको.

१३ जानेवारी, भोगी

मालती दुपारी सिद्धम्मांकडे जाऊन आली आणि तेव्हापासून बोलत नाही. बाजरीची भाकरी आणि भाजी ताटात वाढून आत निघून गेली. काय झालं विचारलं तर म्हणाली, तुम्हीच शोधा, तुम्हाला सगळं कळतं.

१४ जानेवारी, संक्रांत

बसलिंगप्पा तिळगूळ घेऊन आले. मी पेचात. घेतला तर तडजोड मान्य केल्यासारखं होतं. न घ्यावा तर सण. शेवटी एका कागदावर ‘तिळगूळ हक्क अबाधित ठेवून स्वीकारला’ असं लिहून खाली त्यांची सही घेतली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, सही केली. बरं तर, म्हणाले. गोड बोला असं कुणीच म्हणालं नाही.

मालती दारात उभी राहून बघत होती. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

१६ जानेवारी

अठ्ठाविसावा दिवस. शेवटचा डोस. रिक्षाने जायचं ठरवलं होतं. नऊ वाजता बाहेर आलो तर बसलिंगप्पा स्कूटर चालू करून उभे. बसा की, म्हणाले. वाटेत एक शब्द नाही. स्पीडब्रेकर मात्र तसेच हळू.

दवाखान्यात सांगितलं, जखम भरली, आता काळजी नको.

उतरताना त्यांनी खिशातून कागद काढून दिला. वहीचं पान. स्वतःच्या हाताने लिहिलेलं, मोठी मोठी अक्षरं. इथे जसंच्या तसं उतरवतो.

‘श्री. अवधूतराव यांस. माज्या कुत्र्याने तुमाला चावले. चूक माजी आहे. कागदात लिवल्याप्रमाणे बंदोबस्त केला. तो शेतावर भाकरी खात नव्हता. ८ तारखेला मेला. आता परत चावणार नाही. आपला बसलिंगप्पा.’

तारीख आहे, सही आहे, कबुली आहे. मला जे जे हवं होतं ते सगळं त्यात आहे. केस जिंकल्यात जमा.

आठ तारखेला. सात तारखेला मालतीने मला सांगितलं होतं.

दुपारी जेवलो नाही. भूक नव्हती.

१७ जानेवारी. दुपारी १२

सकाळी दहाला शेजारी गेलो. काय बोलायचं ते रात्री पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य वेळेवर आठवलं नाही. एवढंच म्हणालो, बसलिंगप्पा, चूक त्याची नव्हती. मी उंडा दाखवून देत नव्हतो. त्याला चिडवत होतो.

ते खाटेवर बसले होते. म्हणाले, ठावं हाय मला. मी दारातच उभा हुतो की. बघितलं सगळं.

मी विचारलं, मग त्याच दिवशी का नाही बोललात? नोटीस आल्यावर तरी बोलायचं.

त्यांनी सरकून खाटेवर जागा करून दिली, मी बसलो. मग म्हणाले, तुमी कोर्टातलं माणूस. कागदावर लिवलं हुतं, चिथावणी न्हाय म्हणून. तुमी खोटं कशाला लिवाल? वाटलं, माजंच बघण्यात काय तरी चुकलं असंल.

सिद्धम्मा आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. मी उठलो. बसलिंगप्पांनी सवयीने विचारलं, पाय कसा हाय आता. बरा आहे म्हणालो. रडू येत होतं. त्यांच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता.

घरी येऊन नोटीस मागे घेण्याचा मसुदा करायला बसलो. वर तारीख घातली, विषय लिहिला. पुढे ‘मागे घेण्याचे कारण’ लिहून तासभर झाला, अडलो आहे. मालतीने आतून जेवायला हाक मारली. चार दिवसांत पहिल्यांदा बोलली. आलो म्हणालो, पण अजून इथेच बसलो आहे.