कापडापेक्षा कच्चा दोरा

आये,

तुझी लुगडी मी कापली. एक हिरवं आणि एक जांभळं, ज्याचा पदर तुझ्या खांद्यावर घासून घासून विरला होता. लेक बाळंतपणाला आलीय माझ्याकडे, जळोचीत. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लागतं असं तू म्हणायचीस, म्हणून दुपटं शिवायला घेतलं. तू गेल्यानंतरचं म्हणून तुला ठाऊक नाही, पण मागच्या खेपेला तिचं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. तेव्हापासून या घरात कुणी मोठ्यानं हसलं तरी मला धास्ती वाटते.

दुपटं टिकावं म्हणून मी बाजारातून पक्का दोरा आणला, चकचकीत, ओढून तुटत नाही असा. त्याला साजेशी जाड सुई घेतली. धावदोऱ्याची एक ओळ घातली आणि घराला कुलूप लावून लेकीला दाखवायला बारामतीच्या दवाखान्यात गेले. परत येऊन बघते तर ओळ उसवलेली. तुटलेली नव्हे. एकेक टाका मागं काढलेला, दोरा कापडावर सरळ ठेवलेला, आणि सुई काठात दोनदा टोचून टोक आत दडवलेलं, पोराबाळांच्या हाताला लागू नये म्हणून तू ठेवायचीस तसं. मी कुठंही सुई खोचते, त्यासाठी तुझ्या शिव्या खाल्ल्यात.

लेक म्हणाली, "मम्मी, तूच उसवलं असशील. तुझं ध्यान कुठं असतंय आजकाल?"

"व्हय, मीच आसंल," म्हटलं आणि पुन्हा ओळ घातली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी नळाला पाणी आलं म्हणून बाहेर गेले, आत आले, तर तेच. बाहेर लख्ख ऊन, पलीकडच्या उसात ट्रॅक्टर चाललेला, लेक पलंगावर गाढ झोपलेली, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. लुगड्यात टाक्यांची भोकं तेवढी राहिली होती, ओळीनं, मोठाली. मनात आलं, आये दुपटं शिवू देत नाही. तिला तिकडचं काही कळलंय. बाळ येणार नाही. तुझ्या मारालाही मी कधी भ्याले नव्हते गं, त्या दुपारी मात्र तुला भ्याले.

भोकं बघायला कापड उजेडात धरलं आणि माहेरची, कळसची आपली पडवी आठवली. तू मशीनवर बसलीयस आणि मी पाठीत रट्टा खाऊन रडतेय, कारण आबांच्या जुन्या सदऱ्याला मी पोती शिवायचा दोरा लावला होता आणि पहिल्यांदा वाकल्याबरोबर सदरा पाठीत फाटला. "आगं भवाने, दोरा कापडापरीस कच्चा आसावा! ताण आला तर दोरा तुटंल, दुसरा टाका घालू. दोरा वरचढ झाला की कापडच फाटतं, मंग काय शिवतीस, कप्पाळ?" नंतर तू मला सुई ओवायला लावलीस आणि दोरा ताणून उभा धरायला सांगितलास. सुई गिरकी घेत हळूहळू खाली उतरली तर जोडी जमली. अडकली तर सुईचं नेढं लहान, धपकन पडली तर मोठं. माझं लग्न जमवतानासुद्धा तू एवढं निरखून पाहिलं नव्हतंस.

मी पक्का दोरा गुंडाळून ठेवला. साधा सुती दोरा आणि बारीक सुई घेतली, ओवली, दोरा उभा धरला. पंखा बंद होता, खिडकी लावलेली होती. सुई गिरकी घेत उतरली, पण मध्येच जरा थांबली, कुणीतरी बोट लावून बघावं तशी, आणि मग खाली आली. ओळ घातली, ती राहिली. दुसरी घातली, तीही राहिली.

नात झाली, आये. रडून दवाखाना डोक्यावर घेतला पोरीनं. तुझ्या लुगड्यात गुंडाळून हातात दिली तेव्हा मी नर्सबाईच्या पायाच पडायला गेले, ती बिचारी दोन पावलं मागं सरली. लेक हसली, मोठ्यानं, आणि मला धास्ती वाटली नाही.

आता घरात काही उसवत नाही. सुई मी खोचते तिथंच सापडते. सगळं आनंदाचं चाललंय आणि मला करमत नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? पण एक गोष्ट लेकीलाही सांगितलेली नाही, ती तुला सांगते. हिरव्या लुगड्याचा तुकडा उरला होता. आज सकाळी त्यावर मी मुद्दाम त्या पक्क्या दोऱ्यानं, जाड सुईनं एक ओळ घातली आणि घडी करून फळीवर ठेवून दिली. दुपार टळून गेली, अजून मी घडी उलगडलेली नाही. ओळ उसवलेली असली तर भीती वाटेल. आणि तशीच असली, तर ते मला सोसायचं नाही.