हेड म्हणजे डोकं

सोमवार, ४ मार्च

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ह्यांच्या डोक्याचं ऑपरेशन आहे! मला कुणी सांगितलंच नाही. काल बाळाचं दूध गरम करत होते, तेव्हा ऐकलं. हे मोठ्या दिरांशी फोनवर – 'ऑपरेशन हेडचं आता ठरवायलाच हवं. उशीर झाला तर सगळं बसेल. हिला नको सांगू. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही.'

चौथीत शाळा सुटली माझी. पण हेड म्हणजे डोकं, एवढं कळतं मला.

मंगळवार

हे झोपले होते. केसांतून हात फिरवला, गाठबिठ लागते का बघितलं. 'उवा शोधतेस काय?' म्हणाले! मी मोरीत जाऊन रडले.

लाँड्री एक होती तेव्हा बरं होतं. आता दुसरी काढली. दोन्हीकडं हॉटेलांच्या चादरींचे ढीग, आणि सगळं ह्यांच्या एकट्याच्या डोक्यावर. मग डोकं बिघडणारच. बाळ तर अजून नीट बसतसुद्धा नाही. ह्यांना काही झालं तर –

बुधवार

धाकट्याला सांगितलं. माझा भाऊ, पहिल्या दिवसापासून लाँड्रीत ह्यांच्याबरोबर राबतोय. माझं नाव घेऊ नकोस, म्हणून शपथ घातली. 'ताई, रडू नकोस गं. भावजी बरे होईपर्यंत दोन्ही लाँड्र्या मी ओढतो.'

शुक्रवार

सगळं फिसकटलं. धाकटा हॉटेलवाल्यांना सांगून आला – मालक आजारी आहेत, आता काम मी बघणार. हॉटेलवाल्याचा ह्यांनाच फोन! हे लालबुंद. सगळ्या कामगारांसमोर ओरडले – 'मी जिवंत असताना माझी खुर्ची बळकावतोस? घरात घेतलं, तर घरच गिळायला निघालास!'

धाकट्यानं एकदाच माझ्याकडं बघितलं. मी लाँड्रीच्या दारात बाळाला छातीशी धरून उभी. माझी शपथ पाळली त्यानं. चादरी पोचवायच्या गाडीची किल्ली इस्त्रीच्या टेबलावर ठेवली आणि गेला.

मीही बोलले नाही. जन्मात कधी तोंडात तीळ भिजला नाही, नेमका तेव्हाच भिजला!

शनिवार

धाकटा फोन उचलत नाही.

रविवार

सांगून टाकलं ह्यांना सगळं. 'कसलं ऑपरेशन?' – 'हेडचं. डोक्याचं.'

आधी हसले. मग मटकन खालीच बसले.

'अगं, ऑपरेशन हेड म्हणजे हुद्दा असतो! दोन्ही लाँड्र्यांचं काम चालवणारा माणूस. दादा म्हणत होता, बाहेरचा शिकलेला घे. मी म्हटलं, चादरी मोजणारे खूप मिळतील, माणसं सांभाळणारा घरातच आहे. तुझ्या भावालाच देणार होतो मी ती जागा. तुझ्याकडून आधीच फुटू नये म्हणून –'

धाकट्यानं ठेवलेली किल्ली नुसती हातात फिरवत बसले.

सोमवार

त्याच्या खोलीला कुलूप. माझा फोन घेत नाही, ह्यांचाही नाही.

ही वही कुणाच्या हाती लागली तर माझ्या भावाला फोन करा. नंबर मागच्या पानावर आहे. म्हणा, भावजींचं डोकं शाबूत आहे, फिरलं होतं ते ताईचं. जागा तुझीच होती रे. अजून कुणी बसलं नाही तिथं.