बिनडोळ्याचा नागोबा

॥ श्री ॥

फुलसावंगी
२ जुलै २००६

चि. सुमेधास कोकिळाआत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आम्ही बरे आहोत. आमचे हे, म्हणजे तुझे मामाजी, खोकतात पण बिडी सोडत नाहीत, म्हणजे बरेच आहेत. तू पुण्यात वेळेवर जेवत असशील असं मी धरून चालते. फोनवर मले बोलता येत नाही, मागं लोक उभे राहून सारं ऐकतात, म्हणून लिहून राह्यली. चौथीचं अक्षर आहे, सांभाळून घे.

परवा मी दारव्ह्याच्या बाजारात तमाशा केला. तुझ्या बापाकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळू दे. चार दिवस दादाकडे, तुझ्या बापाकडेच, राहायले गेलती. बाजारात एका किराण्याच्या दुकानात श्रावणाचे छापील कागद टांगले होते, जिवतीचे, नागोबाचे. त्यातला नागोबा माझा. तीन वेटोळे, शेपटी बेलाच्या पानामागून निघालेली, फडीवर पाच ठिपके. माझी भिंतच कोणी सोलून कागदाले चिकटवली असं वाटलं. मी दुकानदाराले चोर म्हटलं. माल पुसदहून छापून येते, मले काही माहीत नाही, असं तो म्हणे, तरी मी त्याले अजून दोनदा चोर म्हटलं. माणसं जमली. एका बाईनं इचारलं का नागोबा काय तुमच्या घरी नोकरीले होता, त सारे हसले. दादानं त्या गावात सारी उमर कचेरीत काढली, कोणी त्याच्याकडे बोट केलं नाही, अन् तो माझी थैली धरून मान खाली घालून उभा राह्यला. घरी वहिनीनं पाण्याचा लोटा समोर ठेवला अन् चुलीकडे वळली. मी सकाळच्या पहिल्या जीपनं निघून आली. शरम वाटते, पण राग अजून तिच्यापेक्षा मोठा आहे.

हे तुझ्या वेबसाइटनं झालं. मागच्या पंचमीच्या आदल्या दिवशी तू कॅमेरा घेऊन आली अन् माझ्या भिंतीचे फोटो नेले. चैतात मामाजीनं मले पुसदच्या नेट कॅफेत नेऊन दाखवलं, त मी पदरानं तोंड झाकलं एवढी खूश झाली. जे मले दिसते ते साऱ्या दुनियेले दिसते हे माझ्या डोक्यात आलं नाही. तू शिकलेली, तुझ्या काहून आलं नाही? घराले कुलूप, कोठीले कुलूप, चित्र तेवढं उघड्यावर. त्याले कुलूप लाव. कसं लावतात ते मले सांगू नको, लाव. यंदा कापसानं साऱ्यायची तोंडं उतरवली, लग्नाची भिंतही कोणी रंगवून घेतली नाही. पुण्याहून एखादं काम येईल ही आशा तूच दाखवली होती.

राग कागदावर आहे, पोटात नाही. तुझीच,
कोकिळाआत्या

॥ श्री ॥

पुणे
८ जुलै २००६

ती. सौ. कोकिळाआत्यास सुमेधाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि शेजारच्या मुलीनं विचारलं की घरी काही वाईट झालं का. मी नाही म्हटलं, पण चेहरा उतरला होता खरा. चूक माझी आहे. मला तुझी चित्रं लोकांना दाखवायची इतकी घाई झाली होती, की त्यांना कोणी हात लावेल हा विचार मी नंतरवर ढकलला.

तू सांगू नको म्हणालीस तरी सांगते. आता चित्रावर माउसचं उजवं बटण दाबलं तर काही होत नाही. मोठे फोटो काढून टाकले, छोटे ठेवले, म्हणजे छापायला घेतले तर फुटतील. आणि प्रत्येक चित्राच्या अंगावर आडवं, फिकट अक्षरात तुझं नाव लिहिलं, ते पुसायला गेलं तर चित्रही पुसलं जाईल. पण आत्या, पक्कं कुलूप असं कुठलंच नाही. जे डोळ्यांना दिसतं ते कोणी ना कोणी नेऊ शकतं.

खाली एक सूचना टाकायची आहे, की ही सगळी चित्रं कोकिळा सदाशिवराव यांनी स्वतः रचलेली आहेत, विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ती टाकण्याआधी मला नीट कळव, सगळी तुझीच ना? आणि तो छापील कागद मिळाला तर पाठव, छापखान्याला पत्र लिहिताना हाताशी पुरावा हवा. पंचमीला गल्लीत घरोघर नाग काढतेस, त्याचे फोटो यंदा कोणाकडून काढून घेता येतील का? मागच्या वर्षी संध्याकाळची गाडी पकडायची म्हणून माझं ते सगळं राहून गेलं.

मामाजींना बिडीवरून माझ्यातर्फे एकदा रागाव. लोभ आहेच, तो या चुकीमुळे आटू देऊ नकोस.

तुझी,
सुमेधा

॥ श्री ॥

फुलसावंगी
१४ जुलै २००६

चि. सुमेधास अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाव फिकट कायले लिहिलं? ठळक लिही. चोराले दुरून दिसलं पाहिजे.

सारी चित्रं माझीच का म्हणून इचारतं? हात माझा, गेरू माझा, काडीले गुंडाळलेला कापूस माझ्या वावरातला. मी लग्न होऊन इथं आली तेव्हा समोरच्या धुरपताबाईनं मले काडी धरायले शिकवली, हे खरं आहे. पण शाळेत मास्तर शिकवते म्हणून पोराच्या वहीवर मास्तर आपलं नाव टाकत नाही. टाक तुझी सूचना.

कागद सोबत घडी करून ठेवला आहे. मामाजीनं पुसदहून आणला. मी त्याच्याकडे पुन्हा पाह्यलं नाही, डोकं फिरते.

यंदा फोटो मिळणार नाहीत, कारण यंदा मी कोणाकडे काढणार नाही. तू संध्याकाळीच निघून जातं, तुले पुढची रीत माहीत नाही, ती वाच. आदल्या दिवशी गल्लीतल्या बाया गेरूची वाटी घेऊन मले बोलवायले येतात अन् मी त्यायच्या भिंतीवर नाग काढते. पण काढणारीनं डोळे लावायचे नसतात. डोळे पंचमीच्या सकाळी दुसऱ्या घरच्या बाईनं लावायचे, मग पूजा. धुरपताबाईचा हात आता थरथरते, म्हणून तिच्या भिंतीवर नाग मी काढते, डोळे ती लावते. माझ्या भिंतीवरही डोळे तीच लावते. ही झाली रीत. पण याच घराघरातून कोणीतरी माझा नाग बाहेर नेला असंल त? तुझं कुलूप एकीकडे, अन् इथं सारी दारं उघडी. मी माझ्या भिंतीवर चादर टांगली आहे. आत काढून ठेवीन, दाखवणार नाही.

धुरपताबाईले चादर दिसली त तिनं इचारलं का कोणाले गोवर निघाला का. मी तिले कुलपाचं सांगतलं. ती हसली. मले ते हसणं आवडलं नाही.

जेवत जा. मायेत कमी करू नको, मीही करत नाही.

कोकिळाआत्या

॥ श्री ॥

पुणे
२४ जुलै २००६

ती. सौ. कोकिळाआत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र पंचमीच्या आधी पोचावं म्हणून घाईत लिहिते. चादर काढ आणि बायकांना नाही म्हणू नकोस, निदान हे वाचून होईपर्यंत.

कागद मिळाला. मी वेबसाइटवरचा नाग आणि तो शेजारी शेजारी ठेवून बघितले. वेटोळी तीच, पान तेच, ठिपके तेच. पण कागदावरच्या नागाला डोळे आहेत. आपल्या फोटोतल्या नागाला नाहीत, आदल्या दिवशीचा फोटो आहे ना. तू रीत लिहिली नसतीस तर माझ्या लक्षातही आलं नसतं. म्हणजे तो कागद माझ्या वेबसाइटवरून घेतलेला नाही. छापखान्यानं स्वतःच्या मनानं डोळे काढले म्हणावं तर ते तसे वाटत नाहीत. लांबट आहेत, आणि उजवा जरा खाली उतरलाय, हात हलल्यासारखा. बाकी सगळी रेघ तुझी, ठाम. डोळे तुझे नाहीत.

मी कागद परत पाठवते आहे, तू स्वतः बघ. छापखान्याला लिहिलेलं पत्र टाकलं नाही. आणि सूचना मात्र मी गेल्याच आठवड्यात लावून बसले, आता तिचीच लाज वाटते. सांगशील ते करीन.

पत्राची वाट बघते. आशीर्वादाचा हात आहे तिथेच असू दे.

सुमेधा

॥ श्री ॥

फुलसावंगी
३ ऑगस्ट २००६

चि. सुमेधास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पंचमीच्या दुसऱ्या दिवशी आलं. आधी आलं असतं त मी ऐकलं असतं असंही नाही. लिहायले बसली अन् दोनदा उठली. पण तुले सांगितल्याशिवाय जेवण गोड लागणार नाही.

आदल्या दिवशी धुरपताबाईची सून अपेक्षा गेरूची वाटी घेऊन दारात आली. मी उंबऱ्यातूनच सांगतलं का नागोबा आता कम्प्युटरात राहते, पाहायचा असंल त पुसदले जा. ती म्हणे सासूबाईनं भिंत पांढरी पोतून ठेवली आहे. मी म्हटलं, मंग दुकानातला कागद चिकटवा. असं मी म्हटलं, सुमेधा. ती वाटी घेऊन तशीच परत गेली. बाकीच्या बायायनं ते पाह्यलं अन् त्या आल्याच नाहीत.

पंचमीच्या सकाळी मी चादर काढून धुरपताबाईची वाट पाहत बसली. येईल, कुरकुर करंल, पण डोळे लावून जाईल असं धरून चालली होती. ऊन अंगणात उतरलं तरी आली नाही. मामाजी म्हणाले तूच लाव दोन ठिपके, कोण पाहते. माझा हात गेला नाही. आंधळ्या नागोबापुढे लाह्या ठेवल्या अन् दूध ठेवलं. हात जोडले त कोणाले जोडून राह्यली ते कळेना.

मग लाह्यांची ताटली घेऊन समोर गेली. मनात होतं का दोन शब्द सुनावीन. धुरपताबाईची भिंत पांढरी फटक. तिच्यावर फक्त दोन डोळे. फडी जिथं येते बरोबर तेवढ्या उंचीवर, लांबट, उजवा जरा खाली. नाग नाही, वेटोळं नाही, काही नाही. खाली फूल, दूध, उदबत्ती. तिच्या हातानं नाग होत नाही, डोळे होतात, म्हणून जेवढं होते तेवढं तिनं केलं अन् पूजा केली. मले म्हणाली बस. मी बसली नाही. ताटली ठेवली अन् आली.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र वाचलं. कागद उलगडला. डोळे ते, तेच. तू पुण्यात बसून वळखले, अन् मी त्यायच्यासमोर इतकी वर्षं हात जोडले तरी बाजारात मले दिसले नाहीत. मले माझंच तेवढं दिसलं.

कागद घेऊन गेली अन् इचारलं. तिनं काही लपवलं नाही. मागच्या पंचमीले छापखान्याचा माणूस गावात आला होता, तिच्या उघड्या दारातून त्याले तिच्या भिंतीवरचा नागोबा दिसला, त्यानं इचारून फोटो घेतला, तिनं त्याले चहा पाजला. नागोबा कोणाचा म्हणून त्यानं इचारलं, त तिनं सांगतलं, गल्लीचा. मले ती तेव्हाच सांगायले आलती म्हणे, पण मी वेबसाइट वेबसाइट करून राह्यली होती, मी ऐकलं नसंल. तीन वेटोळे तिच्या सासूचे. बेलाचं पान तिचं, शेपटीचं टोक तिले जमत नव्हतं म्हणून तिनं पानामागं लपवलं. फडीवरचे पाच ठिपके माझे. हे मी इचारलं नव्हतं, तिनंच सांगतलं, का ठिपके कोकिळाचे, आधी नव्हते. ठिपके तिनं माझ्या पदरात टाकले तेव्हा मले जमिनीत शिरावं असं झालं. माझ्या जागी ती असती त तिनं नागाच्या पोटावर आडवं नाव लिहिलं नसतं.

मी घरून गेरू आणला. त्या डोळ्यायभोवती नाग काढते म्हटलं. ती म्हणाली, पूजा झाली, आता काढत नसतात. मंग माझ्याकडे येऊन डोळे तरी लाव म्हटलं. तेही आता लावत नसतात म्हणे. रागानं नाही म्हणाली, रागानं म्हणाली असती त बरं झालं असतं. दिवाळीले भिंती पोततील तोवर तिच्याकडे नुसते डोळे राहतील अन् माझ्याकडे नुसता नाग. माझं दार उघडलं का समोरचं दिसते. मी दिवसाचं दार लोटून घेत होती, मामाजीनं उघडं केलं अन् म्हणाले, राहू दे, पाहत जा.

आता तुझं काम. ती सूचना काढ. नागावरचं माझं नाव काढ, पुसता येत नसंल त तो फोटोच काढ अन् बिननावाचा पुन्हा लाव, मोठा लाव, छापता येईल असा. हत्ती, मोर अन् लग्नाचे कलश माझ्या डोक्यातले आहेत, त्यावर नाव राहू दे, कुलूपही राहू दे, तिथं मी लाजत नाही. नागाखाली एवढंच लिही का हा फुलसावंगीतल्या एका गल्लीचा नागोबा आहे, ज्याले पाहिजे त्यानं न्यावा, पण डोळे दुसऱ्या घरच्या बाईकडून लावून घ्यावे. अन् ती आली नाही त आपण तिच्याशी कसे वागलो ते आठवावं. हे शेवटचं लिहू नको, ते माझ्यासाठी आहे.

दारव्ह्याच्या दुकानदाराकडे मले जाऊन चूक कबूल करावी लागंल, भर बाजारातच. दादाले म्हण सोबत येऊ नको, थैली माझी मीच धरीन.

पुढच्या पंचमीले सुटी काढ अन् या वेळी सकाळपर्यंत थांब. धुरपताबाई येईल का नाही ते मले एकटीले पाहवणार नाही. आत्यावरची माया उरली असंल तेवढी जपून ठेव.

तुझी,
कोकिळाआत्या