ताईचा फोन

अमरावती, ४ नोव्हेंबर २०२४

ती. ज्योत्स्नाताईंना विमलचा शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलले तर तुमच्या भावाच्या कानावर जाईल, म्हणून हे पत्र. यांचा खोकला महिना झाला तरी हटत नाही. मधूनच छाती चोळत बसतात. विचारलं, की काईच होऊन नाई राह्यलं मले, म्हणून उडवून लावतात. सिगारेट दसऱ्याला सोडली, असं शपथेवर सांगतात.

संध्याकाळी चहा झाला की ताईचा फोन आहे म्हणून मोबाइल घेऊन गच्चीवर जातात, ते अर्धा तास. सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्याशी सलग अर्धा तास बोलल्याचं आठवत नाही. जळते मी, खोटं कशाला लिहू? पातोडी मी करायची आणि यांनी चव तुमच्या हातची आठवायची. तुमचंच ऐकतात, तर तुम्हीच त्यांना डॉक्टरकडे धाडा.

लोभ तुमचा भावावर आहेच, थोडा इकडेही असू द्या.

विमल

अकोला, ९ नोव्हेंबर

चि. सौ. विमलला अनेक आशीर्वाद.

अगं, उद्धवचा मला दसऱ्यापासून फोन नाही. भाऊबीजेलाही कामं आहेत एवढा मेसेज टाकून मोकळा झाला. ओवाळणीचं ताट तसंच राहिलं. तूच अडवलं असशील म्हणून मी तुझ्यावर रुसून बसले होते. भाऊ आता पुरता बायकोचा झाला, असं मनात येऊन रडलेसुद्धा.

आमच्या बाबांनीही असाच खोकला लपवला होता. दाखवला तेव्हा फार उशीर झाला होता. तू सरळ गच्चीवर जा. भांडू नकोस.

जीव लावतेस तसा लावत राहा.

ज्योत्स्नाताई

अमरावती, १५ नोव्हेंबर

ती. ताईंना शि. सा. नमस्कार.

गेले मी गच्चीवर. हे पाण्याच्या टाकीला टेकून, छाती दाबून खोकत होते. बोटांत सिगारेट. मला पाहताच बंद मोबाइल कानाला लावला आणि त्या ढासेतच, हो ताई, सांगतो विमलले, असं म्हणाले. मला भांडताच आलं नाही.

काल दवाखान्यात नेलं. छातीच्या फोटोत डाग दिसतो. पंचवीस तारखेला, सोमवारी स्कॅन आहे. घाबरलेत, पण कबूल केलं नाही. ताईले बोलाव, एवढंच दोनदा म्हणाले. ऐकून पुन्हा जळले. तरी लिहिते, ताट घेऊन सोमवारच्या आत या.

तोवर संध्याकाळी खरोखरचा फोन करा. मी गच्चीवर त्यांच्या शेजारीच बसेन. अर्धा तास बोललात तरी चालेल.

तुमची
विमल