शवासनातला फोन

७ एप्रिल, सोमवार

चहाची गाळणी सापडत नाही. ही साधी घटना नव्हे. ज्या घरात पंचवीस वर्षं निर्विघ्नपणे चहा गाळला गेला, त्या घरात आज जिल्हा परिषदेच्या एका जबाबदार कर्मचाऱ्याला रुमालातून चहा गाळावा लागला. रुमाल धुतलेला होता. बहुतेक. तीव्र निषेध नोंदवून ठेवतो.

उत्कर्षाला विचारलं असतं, पण ती फोन उचलत नाही. सोनमच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये रेंजचा प्रॉब्लेम आहे. आमची ही महिनाभर तिकडेच आहे. बदल म्हणून. जाताना स्वेटर नेला. पुण्यात पहाटे गारवा असतो. मागच्या आठवड्यात शिलाई मशीन ट्रॅव्हल्सनं मागवून घेतलं. गुडघ्यांना व्यायाम होतो त्यानं.

९ एप्रिल

सोनमचा मेसेज. बाबा, आईला परत यायचा आग्रह करू नका, लग्नाच्या वाढदिवसाचं तिला फार लागलंय.

आता यात लागण्यासारखं काय होतं? सत्कार, साखरपुडे, निरोप समारंभ, या शहरात माइक दिसला की मागे मी असतोच. मग आमचाच पंचविसावा वाढदिवस दुसऱ्या निवेदकाच्या हाती देऊ? मी एवढंच म्हणालो, सोलापूरचं ऊन दोन प्रकारचं. एक संध्याकाळी मावळतं, आणि दुसऱ्याबरोबर मी पंचवीस वर्षं राहतोय! हॉल हसून कोसळला. उत्कर्षाही हसली. तिनं तोंडाला पदर लावला होता, म्हणजे हसलीच.

संकल्प: ती सोलापुरात ज्या योगवर्गाला जायची तिथंच नाव घालायचं. वर्गातल्या बायका तिला कळवतील. नवरा बदलला हे ऐकून मेअखेर ती घरी. प्लॅन पक्का.

१० एप्रिल, पहाटे ५.१०

उद्यापासून.

११ एप्रिल

वर्ग पूर्व भागात, बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये. चालवतात चंद्रिका मॅडम. माग त्यांच्या सासऱ्यांचे. माग भंगारात गेले, बोल्टांची भोकं फरशीत राहिली. मॅटबिट काही नाही, जो तो घरची चादर अंथरतो. माझ्या चादरीवर मोर आहे. भुजंगासन संपलं की माझं नाक त्याच्या चोचीवर.

बाहेर पाटी: सर्वांचं स्वागत. सर्व वयांचं, सर्व आकारांचं. शेवटचा शब्द मला बघून लिहिलेला नाही, रंग जुना आहे.

मॅडम श्वास मोजताना तेलुगूत शिरतात. ओकटि, रेंडु, मूडु. माझा श्वास मूडुच्या, म्हणजे तीनच्या पुढे गेला नाही.

शेजारच्या चादरीवर अंबुबाई. मूळच्या वैरागच्या, मुलाकडे राहतात, उत्कर्षाची मैत्रीण. पासष्टीत पाय डोक्यामागे नेतात. मला म्हणाल्या, भावजी, पोट आत घ्या की. म्हटलं, आतलं आतच आहे, हे बाहेरचं आहे. कोणी हसलं नाही. पहाटे लोकांची विनोदबुद्धी झोपलेली असते.

१७ एप्रिल

प्रगती. वज्रासनात बसलो. उठवायला दोघं लागले, पण बसलो स्वतः.

वर्गाची एक पद्धत कळली. कोणी सलग दांड्या मारल्या की शेवटी शवासनात मॅडम त्याला फोन लावतात. स्पीकरवर. सगळ्यांनी पडल्या पडल्या बोलायचं. आज टायरवाल्या कुमारला लावला. तो म्हणाला, अक्कलकोटला दर्शनाला आलोय. मागून त्याच्याच दुकानातला कॉम्प्रेसर घरघरत होता. अंबुबाई छताकडे बघत ओरडल्या, मठात पंक्चर काढत्यात व्हय रं? सगळी शेड हसली. शवं हलली.

म्हणजे यांना हसता येतं. नोंद घेतली.

मग विचार आला, उत्कर्षाही गैरहजरच आहे. तिला का नाही लावत?

२४ एप्रिल

पश्चिमोत्तानासनात पायाचा अंगठा दिसला. धरता आला नाही, पण दिसला.

मॅडमना म्हटलं, आमच्या हिला फोन लावा की. मॅडम चादरीची घडी घालत म्हणाल्या, सर, तुम्हीच घरून बोला ना. म्हटलं, मी केला की रेंज जाते. मॅडम अंबुबाईंकडे बघायला लागल्या, अंबुबाई बोल्टाच्या भोकाकडे.

बायकांना दुसऱ्याच्या संसारात पडायला संकोच वाटतो. साहजिक आहे.

३ मे

सोलापूर चव्वेचाळीस अंशांवर. विनोद सुचला, पण सांगायला घरात कोणी नव्हतं. आरशाला सांगितला. बरा गेला.

रोज विनवण्या केल्यावर अंबुबाई तयार झाल्या. म्हणाल्या, लावते बया एकदाचा, सोमवारी. मी अट घातली: मी इथं आहे हे अजून कोणी तिला कळवलेलं नाही, तर आता आधी सांगायचंही नाही. सरप्राइज. ती पुरती रंगात आली की मी शेवटी खोल श्वास घेऊन, हळुवार आवाजात म्हणणार, उत्कर्षा, मी बोलतोय. आवाजात प्राणायाम जाणवला पाहिजे. आज रात्री तालीम.

५ मे, सोमवार

शवासन. फोन दुसऱ्या रिंगला उचलला गेला. रेंज उत्तम.

उत्कर्षा हसत होती. अंबुबाईंनी आवाज दिल्याबरोबर म्हणाली, अगं बाई, किती दिवसांनी! सगळे आहात का? पाय अजून डोक्यामागे जातो का? मला तिचं हे हसणं ओळखूच आलं नाही. अंबुबाई म्हणाल्या, जातोय की, तुजं सांग, कवा येतीस?

ती म्हणाली, नाही येणार हो अंबुबाई. आता नाहीच.

मॅडम म्हणाल्या, उत्कर्षाताई, एक मिनिट. पण ती बोलतच राहिली. ब्लाउजची कामं मिळतात, सोनमनं गॅलरीत मशीन लावून दिलंय. खालच्या बाकावर संध्याकाळी बायका जमतात, तिथं जाऊन बसते. म्हणाली, चार माणसं जमली की आधीच पदर तोंडाशी जायचा ना माझा, आता हे माझं काय सांगतील म्हणून, तो जात नाही बघा इथं.

मॅडम परत म्हणाल्या, उत्कर्षाताई.

ती म्हणाली, यांना एवढ्यात बोलू नका काही. मीच सांगीन. उन्हाळा उतरू दे, पित्त होतं त्यांना. जेवतात का हो नीट? कुणाला दिसले का?

अंबुबाई म्हणाल्या, दिसत्यात.

फोन बंद झाला. मी डोळे मिटलेलेच ठेवले. मला झोप लागली होती, असं सगळ्यांना वाटलं असणार. मॅडमनी सांगितलं, आज शवासन लांबवू या, कोणीही डोळे उघडायचे नाहीत. मग मोजायला लागल्या, तेलुगूत. कुठपर्यंत मोजलं कळलं नाही. मी उठून चादर काखेत घेतली आणि बाहेर आलो. इतर वेळी मला चोरून बघणारा कुमारही डोळे घट्ट मिटून पडला होता.

६ मे

पित्त. वर्गाला गेलो नाही.

७ मे

पित्तच. शिवाय ऊन.

८ मे, सकाळी ६.५०

वर्गाचा फोन. वाजून वाजून थांबला. परत वाजला. उचलला नाही. रेंजचा प्रॉब्लेम.

९ मे

दारात अंबुबाई. हातात स्टीलचा डबा. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, बाजरीची भाकरी हाय अन् शेंगाची चटणी, खावा. म्हटलं, कशाला त्रास घेतला. म्हणाल्या, तरास कसला, पीठ मळलंच हुतं. जिना उतरताना वळून म्हणाल्या, फोन उचलावा माणसानं, भावजी. आमी लई येळ पडून हुतो.

भाकरीचा पापुद्रा अख्खा निघत होता. दोन होत्या, दोन्ही खाल्ल्या.

१० मे, संध्याकाळ

उत्कर्षाचा फोन आला. तिनं उन्हाळा उतरायची वाट पाहिली नाही. कोणी काही बोललं असेल, किंवा नसेल.

तिनं सगळं सांगितलं. काय सांगणार ते मला ठाऊक होतं, तरी मध्ये बोललो नाही. तिची वाक्यं इतकी लांब असतात हे माहीत नव्हतं. एकदा थांबून तिनं विचारलं, ऐकताय ना? म्हटलं, हो, रेंज चांगली आहे. तिनं विचारलं, रागावलात? म्हटलं, नाही. पुढे काहीतरी चटकदार ओठावर आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, ठेवते, आणि ठेवला.

योगवर्गाचं तिला सांगायचं राहिलं.

१२ मे, सोमवार

काल अंबुबाईंचा डबा घासला. दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत, एवढं ठाऊक आहे. आत काय घालतात, कधी बघितलं नव्हतं. शेंगदाणे होते, ते भाजले. पहिली खेप करपली, ती मी खाल्ली. दुसरी बरी निघाली. सालं पाखडताना निम्मी माझ्या डोक्यावर आली.

पहाटे वर्गाला थोडा उशीरच झाला. सगळे डोळे मिटून बसले होते. डबा अंबुबाईंच्या चादरीच्या कडेला ठेवला. फरशीवर वाजू नये म्हणून खाली हात धरला होता, तो हळूच काढला. मग शेवटच्या ओळीत जागा होती तिथं चादर अंथरली आणि बसलो.