मुखरूचा फोटो

नागपूर, ता. ८ नोव्हेंबर १९५४

चि. सौ. गोकुळास इंदिराचे अ. आ. वि. वि.

तुझ्या सासरेबुवांचा खोकला कसा आहे? औषध पाठवलं आहे, ते त्यांनी घ्यायचं आहे, कपाटात ठेवायचं नाही.

माझ्या लढाईतल्या फोटोंचं पुस्तक निघतं आहे. ब्रह्मदेशच्या आघाडीवर कॅमेरा घेऊन गेलेली आपल्याकडची दुसरी बाई माहीत नाही, असं प्रकाशक म्हणाले. मला हसू आलं. तेव्हा याच पराक्रमासाठी मूल गावी आपल्या माहेरी कोणी माझ्याशी बोलत नव्हतं!

पहिल्या पानावर तुमच्या सावली गावचा शिपाई मुखरू घ्यायचा आहे, झाडाखाली उताणा निजलेला. वर्तमानपत्रानं त्याखाली 'घटकाभर विसावा' असं छापलं होतं. ते खोटं आहे, गोकुळा. मी फोटो काढला तेव्हा मुखरू गेलेला होता. तसं मी कळवलंही होतं, पण त्यांना मेलेला शिपाई नको होता. तोवर तू ते कात्रण त्याच्या आईला, रुखमाबाईला, नेऊन दिलंस, म्हणून मी गप्प राहिले. आता खरं छापायचं आहे, पण रुखमाबाईला विचारल्याशिवाय नाही. तू तिला विचारशील का?

मुलांना पापे. माझ्यावर रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

तुझी,
इंदिरा

सावली, ता. १४ नोव्हेंबर १९५४

ती. बाईस गोकुळाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि चुलीवरचा भात करपला. असलं काम मला सांगतेस होय?

रुखमाबाईनं ते कात्रण काचेत बसवलं आहे. लेक झोपला आहे म्हणून रोज बघत असेल बिचारी. तू जिवंतपणी फोटो काढलास म्हणून त्याचं आयुष्य तुटलं, असं मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यात अजून बोलतात. दहा वर्षं झाली, ती माझ्या दारात येत नाही, तळ्यावर दिसली की तोंड फिरवते. खरं सांगितलं तर तुझ्यावरचा आळ जाईल, पण तिचं झोपलेलं लेकरूही जाईल. बाई, मला नाही जमणार. तो फोटो वगळ.

औषध कपाटातच आहे. माया कमी करू नकोस.

तुझी,
गोकुळा

सावली, ता. २ डिसेंबर १९५४

ती. बाईस सा. न. वि. वि.

फोटो वगळते आहेस, आळ राहू दे म्हणालीस, ते वाचून जीव भांड्यात पडला होता. पण ह्यांच्या पोटात काही राहतं का? बाजारात पुस्तकाचं बोलून आले आणि काल दुपारी रुखमाबाई स्वतः ओसरीवर येऊन बसली.

मी सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, की माया मुखरू लहानपणापासून पालथाच झोपे, उताणा कधी झोपलाच नाई, मले तर पयल्याच दिवशी समजलं. आयुष्य तुटल्याचं लोकं बोलतात, मी नाई म्हणलं. राग याचा, की तुम्ही शिकलेल्या बहिणी असून मले कोणी खरं सांगून नाई राह्यलं.

शेवटी तिनं विचारलं, की मरतानी त्याले पाणी पाजलं काय कोणी? दहा वर्षं हेच विचारायचं होतं म्हणे. मला रडू आवरेना. तूच लिही, मी वाचून दाखवीन.

तुझी,
गोकुळा

नागपूर, ता. ६ डिसेंबर १९५४

चि. सौ. गोकुळास अ. आ. वि. वि.

रुखमाबाईला सांग, पाजलं. माझ्या बाटलीतलं, माझ्या हातानं. माझं बोलणं ऐकून त्यानं विचारलं होतं, की बाई तू कुठली. मी मूलची म्हटल्यावर हसला. मग या पाण्याले रॉकेलचा वास येते म्हणून कुरकुरला आणि तरी सगळी बाटली रिकामी केली. डोकं माझ्या मांडीवर होतं. तो गेल्यावर मी त्याचे डोळे मिटले, झाडाखाली नीट निजवला आणि मगच कॅमेरा उचलला. तेव्हा लिहायला हवं होतं. निदान झोपलेला तरी लेक तिला दिसत राहावा, म्हणून नाही लिहिलं.

फोटो छापायचा की नाही, ते तिनं ठरवावं.

तुझी,
इंदिरा

सावली, ता. ११ डिसेंबर १९५४

ती. बाईस सा. न. वि. वि.

पत्र तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. रॉकेलपाशी हसली, म्हणाली, असाच होता तो, खाता-पिताना खोड काढल्याबिगर राहत नसे. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडली.

फोटो छाप म्हणते. खाली काय लिहायचं तेही तिनंच सांगितलं, एक अक्षर बदलू नकोस: सावलीचा मुखरू. पाणी पिऊन गेला.

तुझीच,
गोकुळा