तेवीस नंबरचा कोयता

१४ ऑक्टोबर

मोबाईल पुन्हा अपडेट झाला. कुणी मागितला होता? आधी चार्जिंग दिवसभर पुरायचं, आता दुपारी चारलाच मान टाकतो. वर कंपनीचा निरोप — 'तुमचा अनुभव आणखी सुखद केला आहे.' पुण्याच्या कंपनीने मला काढलं तेव्हाही असंच गोड पत्र आलं होतं. सहा वर्षं जो कोड मी लिहिला तो आता यंत्र लिहितं. यंत्राचा मला राग नाही. त्या पत्राचा आहे.

आज विहारात गेलतो. सगळ्यांचा एकच प्रश्न — 'अनिल, पुण्याला कधी परत?' सुट्टीवर आहे म्हणालो. पाच महिन्यांची सुट्टी! धारूरच्या बाजारात कॉम्प्युटरचं दुकान टाकलंय, ते काय सुट्टीसाठी?

१९ ऑक्टोबर

आणखी एक विज्ञानकथा वाचून संपवली. परग्रहावरचे लोक कायम मोठ्या शहरातच का उतरतात? आमच्या बालाघाटात उतरले तर काय होईल ते मी सांगतो. पहिला प्रश्न — गाव कोणतं? दुसरा — आडनाव काय? तिसऱ्याची गरजच नाही. तोवर त्यांना चहा कुठल्या कपातून द्यायचा ते ठरलेलं असतं.

आणि दुसरी गोष्ट. या कथांमधलं कुणी भांडी घासत नाही. दोनशे वर्षांनंतरच्या यानात जेवण नळीतून येतं म्हणे. ती नळी कोण धुतं?

२२ ऑक्टोबर

विठ्ठलराव मुकादम दुकानात आले. त्यांची तीस कोयत्यांची टोळी दरवर्षी ऊस तोडायला कारखान्यावर जाते. हजेरीची वही फडात भिजते, फाटते. 'इंजिनेर, मोबाईलात बसीव की हे समदं!'

बसवतो म्हणालो. पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला माझं काम सांगितलं. लई बरं वाटलं.

मला समजावून सांगायला लागले, कोयता म्हणजे काय. मलाच! कोयता म्हणजे नवरा-बायको. दोघं मिळून एक. त्याने तोडायचं, तिने मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून ट्रॉलीत चढवायच्या. दोघांतलं एक जण कामावर आलं नाही की त्या दिवशी अर्धा कोयता. आई आणि बापू वीस वर्षं असेच एक कोयता होते. माझं कॉलेज त्यावरच झालं.

२७ ऑक्टोबर

ॲप तयार! पाच दिवसांत! रेंज नसली तरी हजेरी भरता येते, रेंज आली की माझ्याकडे पोचते. तीस कोयत्यांचे तीस ठिपके. पूर्ण कोयता हिरवा, अर्धा पिवळा. मुकादमाने फक्त बोट लावायचं.

बाईचं नाव घ्यायचं का, मी विचारलं होतं. विठ्ठलराव म्हणाले, 'बाईचं कशाला? नवऱ्याचं घातलं की झालं.' बरोबरच आहे. एका नोंदीला दोन नावं म्हणजे नुसता गोंधळ. पुण्यात माझे साहेब म्हणायचे, जे काढून टाकता येतं ते काढून टाका.

आईला दाखवलं. माझी बहीण ज्योत्स्ना आणि दाजी यंदा याच टोळीत आहेत.

'ज्योत्स्ना कुठंय ह्याच्यात?'

'ही बघ. तेवीस नंबर.'

'तिथं तर नवनाथ लिव्हलंय.'

'तेच ते, आई!'

आईने मोबाईल माझ्या हातात परत दिला. तिला यातलं कळत नाही.

४ नोव्हेंबर

टोळी गेली. ट्रॅक्टरवर भांडी, सरपण, कोंबड्या, माणसं. ज्योत्स्नाची तेजश्री शाळेसाठी आमच्याकडे राहिलीय. सात वर्षांची आहे. रडली नाही. आईच्या पदराचा चुरगाळा होईपर्यंत धरून उभी होती तेवढंच.

ज्योत्स्ना माझ्यापेक्षा हुशार होती. घरातला रेडिओ बंद पडला तर तीच उघडायची, मी नुसता बॅटरी धरायचो. दहावीला गणितात तिला माझ्याहून जास्त मार्क होते. मी कॉलेजात गेलो, ती लग्न होऊन कोयत्यावर गेली. याची मला लाज वाटते. इथे लिहितो, तिला कधी म्हणालो नाही.

जाताना म्हणाली, 'दादा, रोज बघत जा आमाला तुझ्या मोबाईलात.'

९ नोव्हेंबर

तेजश्री शाळेतून आली की थेट दुकानात. 'मामा, आई दाखव.' मी ठिपका दाखवतो. 'हिरवी हाय!' म्हणते आणि खेळायला पळते.

२६ नोव्हेंबर

तेवीस नंबर तीन दिवस पिवळा. काल तेजश्री विचारत होती, 'मामा, आई पिवळी कावून?' म्हणालो, आई नाही गं, तुझा बाप आळशी झालाय.

दाजी पितात हे मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात पिऊन पडले होते, मीच उचलून आणलं. सुधारत नाहीत काही माणसं.

२ डिसेंबर

गिऱ्हाईक आलं — 'फाईव्ह जी घेतला, पण गावात चालत नाही.' म्हटलं, किल्ल्यावर जाऊन बोला! डोंगर चढल्याशिवाय इथे टू जीसुद्धा मिळत नाही. जाहिरातीतला माणूस मात्र वाळवंटात उभा राहून सिनेमा बघतो.

२३ डिसेंबर

तेवीस पुन्हा पिवळा. परवापासून. पुन्हा तीन दिवस!

त्यात विठ्ठलरावांचा फोन. 'इंजिनेर, जे कोयते सारखे अर्धे राहतेत त्यांची यादी वरच दिसू दे. पुढल्या साली त्यांना न्यायचंच न्हाई.' तासाभरात करून दिलं. आता पिवळे दिवस ज्याचे जास्त तो आपोआप यादीत वर जातो. दाजी दुसऱ्या नंबरवर आहेत.

बहिणीचा कोयता म्हणून सूट द्यायची का? क्षणभर बोट थांबलं. नाही दिली. यंत्रापुढे सगळे सारखे. ते आडनाव विचारत नाही, कप वेगळा ठेवत नाही. हेच तर मला यंत्रात आवडतं.

२० जानेवारी

तिसऱ्यांदा! तारखा काढल्या. नोव्हेंबरात चोवीस ते सव्वीस. डिसेंबरात एकवीस ते तेवीस. आता अठरा ते वीस. बरोबर सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांनी. दारूच्या बाबतीत माणूस एवढा वक्तशीर असतो!

एआयला विचारलं. 'ऊसतोड कामगार, पुरुष, वय बत्तीस, दर सत्तावीस दिवसांनी तीन दिवस गैरहजर. कारण काय असेल?' त्याने झटक्यात उत्तर दिलं — बाजार, सण, नातेवाइकांच्या भेटी, व्यसन. मी व्यसन धरलं. माणसापेक्षा याच्याशी बोलणं बरं. निदान उत्तर तरी येतं.

मग दाजींना फोन लावला. स्पष्टच बोललो.

'दाजी, दर महिन्याला तीन दिवस कुठे पडून असता?'

'न्हाई अनिलराव, तसं न्हाई.'

'मग कसं?'

दाजींनी आवाज बारीक केला.

'तुमाला कसं सांगावं...'

'यादीत वर आलाय तुम्ही. पुढच्या वर्षी मुकादम नेणार नाहीत. ज्योत्स्नाचा तरी विचार करा!'

'करतो काहीतरी. पुढल्या महिन्यापासून पिवळं न्हाई दिसणार.' फोन ठेवला.

बोललं की फरक पडतो. कुणीतरी बोलायला हवं होतं.

३१ जानेवारी

कसला फरक! पाच दिवस झाले, रोज पिवळा. ज्योत्स्नाचा फोन बंद. दाजी उचलत नाहीत. उचलतील कशाला, तोंड आहे का?

आई विचारत होती, 'त्या दोघातलं कोण घरी राहिलंय?'

'ॲप तसं नाही सांगत.'

'मग काय सांगतं ते?'

चिडलो मी तिच्यावर. नको होतं चिडायला.

५ फेब्रुवारी

दहावा दिवस. तेजश्रीने आता ठिपका बघायचं सोडलंय. दुकानात येते, अभ्यास करते, जाते.

६ फेब्रुवारी

हिरवा!!

१७ फेब्रुवारी

चौदा ते सोळा रोज नजर ठेवून होतो. हिशेबाने पिवळा व्हायला हवा होता. नाही झाला! ज्योत्स्नाशी फोनवर बोललो. आवाज बारीक येत होता. रेंजच तशी आहे तिकडे. 'दाजी सुधारले का?' विचारलं तर म्हणाली, 'ते बरे हायत दादा.' आणि मग, 'तेजूला जड काही उचलू देऊ नको.' काहीही बोलते.

१६ मार्च

याही महिन्यात नाही. तेवीस नंबर यादीत पार खाली गेलाय.

नेटवर पोस्ट टाकली — 'एका पिवळ्या ठिपक्याने एका माणसाचं व्यसन कसं सुटलं.' चारशे लाईक! पुण्याच्या त्या कंपनीतल्या साहेबांनीसुद्धा अंगठा दाखवला. काढताना भेटले नव्हते, आता अंगठा.

तरी खरं सांगतो, छाती फुगली. बहिणीचं एक काम माझ्या हातून झालं.

३० मार्च

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, टोळी परत आली. तेजश्री धावत जाऊन ज्योत्स्नाच्या कमरेला बिलगली. 'उचल ना आई!' ज्योत्स्नाने उचललं नाही. तिथेच खाली बसली आणि बसूनच जवळ घेतलं. वाळलीय फार. चालताना एक हात पोटावर.

वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, 'दाजी, अभिनंदन! फेब्रुवारीपासून सगळं हिरवं! आहे का नाही माझ्या यंत्रात दम?' दाजी कळशी उचलून बाहेर निघून गेले. पाणी भरलेलंच होतं. चूक दाखवून दिली तर माणसाला राग येतो, चांगलं म्हटलं तरी येतो. कसं वागायचं यांच्याशी?

३१ मार्च

सकाळी आई भांडी घासत होती, ज्योत्स्ना शेजारी बसली होती. मी पुन्हा दाजींचा विषय काढला. ज्योत्स्ना म्हणाली, 'दादा, त्यांनी दारू कवाच सोडलीय. कोयता अर्धा पडायचा तो माझ्यापायी. दर महिन्याचे तीन दिवस उठवायचं न्हाई मला. मुकादम म्हन्ला, यादीत वर हाव तुमी, पुढल्या साली नेत न्हाई. मग दवाखान्यात जाऊन पिशवीच काढून टाकली. आता न्हाई पडत खाडा.'

सव्वीस वर्षांची आहे ती.

आईचा हात थांबला नाही. ताट विसळत म्हणाली, 'माझी बी काढलीय. तू कालिजात गेलास त्या साली.'